पाळणाघरातलं बिग, बिगर, बिगेस्ट

मुलं सांभाळणाऱ्या बाईला मुलांची फार आवड असणार, असं लोक धरून चालतात. मला तशी काही खास आवड नाही. मुलं सांभाळणं हे काम आहे. गिरणी बंद पडली, नवरा घरी बसला, तेव्हा मी शेजारणीचं पोर सांभाळायला घेतलं. त्यातून पाळणाघर झालं. वेळेवर जेवायला घालायचं, झोपवायचं, पडू द्यायचं नाही आणि संध्याकाळी ज्याचं मूल त्याच्या हातात धडधाकट द्यायचं. एवढं मी नीट करते. पुढे नवरा गेला, चाळ गेली, लालबागला त्याच जागेवर उंच इमारत उभी राहिली आणि तिच्यात मला तिसऱ्या मजल्यावर खोली मिळाली. पाळणाघर तिथे चालू राहिलं.

नवीन आई मूल घेऊन आली की मी तिला आधीच दोन गोष्टी सांगते. ताप असलेलं मूल आणायचं नाही. आणि माझ्या घरात एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही. "तो बघ कसा पटापट जेवतो", "ती तुझ्यापेक्षा गोरी", "हा त्याच्याहून उंच झाला", हे माझ्या उंबऱ्याच्या आत चालत नाही. आम्ही मालवणकडचे. मूल बाळसं धरतंय असं दिसलं तरी आमच्यात कोणी ते तोंडाने म्हणत नाही, दृष्ट लागते. फार तर म्हणतात, "बरा आसा." चाळीत आमच्याच मजल्यावर एक बाई दुसरीला म्हणाली होती, "तुझो पोरगो माझ्या पोरग्यापेक्षा बारीक दिसता." झालं. त्या पोरांची लग्नं झाली तरी त्या दोघी एकमेकींच्या दारावरून मान फिरवून जायच्या. माझा दृष्टीवर विश्वास आहे का, असं विचाराल तर अर्धा आहे. पण दोन पोरांना एकमेकांशी मोजलं की तासाभरात एक दुसऱ्याला चावतं, यावर पूर्ण आहे. ते मी पाहिलेलं आहे.

हाच नियम पुढे माझ्या अंगावर आला.

तेव्हा माझ्याकडे पाच मुलं होती. त्यातली दोन एकाच घरची: थोरली मुलगी दुसरीत, धाकटा तीन वर्षांचा. त्यांची आई परळला राहते आणि फोर्टला एका ऑफिसात नोकरी करते. बाकीच्या आया सातपर्यंत मुलं घेऊन जातात. हिला साडेआठ होतात, कधी त्याहून जास्त. एका संध्याकाळी ती चप्पल न काढता दारातच उभी राहिली.

"आजी, तुमच्याशी बोलायचं होतं."

हे वाक्य ऐकलं की मी गॅस बंद करते. चांगली बातमी कोणी अशी सुरू करत नाही.

"बोल."

"प्रभादेवीला एक सेंटर निघालंय. शाळा सुटली की मुलांना घेतात, जेवण देतात, होमवर्क करून घेतात. सगळं इंग्लिशमध्ये. हिचं इंग्लिश फार कच्चं आहे, आजी. मी घरी पोचते तोवर हिचे डोळे मिटायला लागलेले असतात. माझ्याने होत नाही."

"आणि धाकटा?"

"दोघांनाही तिकडेच. दोन ठिकाणी कशी धावू?"

तिचं चुकत नव्हतं. पण ही दोघं गेली की उरलेल्या तिघांच्या आयाही हलणार, हे मला लगेच दिसलं. एकीचं बघून दुसरी निघते. मग पाळणाघर बंद. मी घरात बसून काय करायचं? भिंतीकडे बघत बसणं मला जमत नाही.

"तिचं अडतं कुठे?" मी विचारलं.

तिने मुलीच्या दप्तरातून एक कागद काढला. त्यावर तीन हत्ती होते, एकाहून एक मोठे. "हे बघा. बिग, बिगर, बिगेस्ट. वर्गात सगळ्यांना येतं, हिला येत नाही. पुढच्या महिन्यात तोंडी परीक्षा आहे."

"तोंडी होईपर्यंत थांब. मी शिकवते."

"आजी, तुम्हाला इंग्लिश..."

"येत नाही. शिकते आणि शिकवते."

"राग मानू नका, पण..."

"मानत नाही. थांबणार की नाही, तेवढं सांग."

तिने धाकट्याला कडेवर घेतलं. "तोंडी होईपर्यंत," ती म्हणाली.

मी चौथीपर्यंत शिकले, परळच्या म्युन्सिपालटीच्या शाळेत. इंग्रजी तेव्हा पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे ते वर्गात आलं आणि मी बाहेर पडले. पुढे पाट्या आणि औषधांच्या बाटल्या वाचून अक्षरं लागली, तेवढीच. शिकवणारं कोणीतरी गाठायला हवं होतं. शेजारी भावोजी राहतात. माझ्या नवऱ्याचे दोस्त, कॉटन ग्रीनला एका गोदामाच्या कचेरीत कारकून होते, इंग्रजीत पत्रं लिहायचे. आता सकाळी पेपर वाचतात आणि दुपारी तोच पेपर पुन्हा वाचतात. मुलं झोपल्यावर मी दोन्ही दारं उघडी ठेवून त्यांच्याकडे गेले.

"भावोजी, मला बिगर-बिगेस्ट शिकवा."

"ह्या वयात, वहिनी?"

"काम ह्या वयात पडलं. आधी पडलं असतं तर आधी आले असते."

त्यांना बरं वाटलं असावं, कारण ते आत जाऊन बनियनवर शर्ट घालून आले.

"हे बघा," ते म्हणाले. "दोन वस्तू असल्या की शब्दाच्या मागे अर. तीन किंवा जास्त असल्या की मागे इस्ट आणि पुढे द. टॉल, टॉलर, द टॉलेस्ट."

"आणि सुंदर?"

"ब्यूटिफुल."

"ब्यूटिफुलर."

"नाही. लांब शब्दाला शेपूट लावत नाहीत. त्याच्या पुढे मोअर लावायचं, मग मोस्ट. मोअर ब्यूटिफुल, द मोस्ट ब्यूटिफुल."

मी ते माझ्या पद्धतीने डोक्यात बसवलं. चालायला शिकणाऱ्या पोराला मागून धरायचं, मोठ्या पोराच्या पुढे होऊन त्याचा हात धरायचा. त्यानंतर माझी चूक झाली नाही. पण गुडपाशी मी थांबले.

"गुड, बेटर, बेस्ट," भावोजी म्हणाले.

"गुडर का नाही?"

"नाही म्हणजे नाही."

"काही कारण?"

"वहिनी, लग्नात तुमचं नाव बदललं ना? तेव्हा कारण विचारलंत?"

"विचारलं होतं."

"मग काय सांगितलं?"

"गप्प बस म्हणाले."

"मग हे तसंच समजा. आता वाक्य करा. माय फिश करी इज द बेस्ट."

"हे मी म्हणणार नाही. स्वतःच्या आमटीला स्वतःच बेस्ट म्हणायचं?"

"अहो, वाक्य आहे ते नुसतं!"

"असेना का वाक्य. तोंड माझंच ना? माय फिश करी इज गुड. तुमच्याकडची..."

"हळू बोला," भावोजी म्हणाले, "ती आतच आहे."

"ऐकलंय मी," आतून त्यांची बायको म्हणाली. "पूर्ण करा वाक्य."

मी ते पूर्ण केलं नाही.

मुलीला शिकवायला हत्ती कामाचे नव्हते. हत्ती तिने कुठे उचललेत? मी तिला ओट्यापाशी उभं केलं. हातात लसूण दिली, मग कांदा, मग नारळ. त्यांची इंग्रजी नावं तिला शाळेतून येत होती, ती तिने मला शिकवायची. मागचं अर आणि इस्ट मी तिला शिकवायचं. असा आमचा व्यवहार ठरला. रिकामा डबा, डाळीचा डबा, तांदळाचा डबा उचलून हेवी, हेवियर, हेविएस्ट. पिळलेला टॉवेल आणि निथळता टॉवेल धरून वेट आणि वेटर. पेज वाटीत ओतली तेव्हा हॉट होती, पातेल्यात हॉटर होती. रिकाम्या तोंडाने ती विसरायची, हातात वस्तू असली की विसरायची नाही. बाकीची मुलं खेळता खेळता उचलत होती. धाकट्याला एकच शब्द सापडला. चमचा बिगेस्ट, मुंगी बिगेस्ट, संडासला जाऊन आला तरी बिगेस्ट.

फक्त मुलं मोजायची नाहीत, हे चालूच होतं. एकाने मुलीच्या पाठीला पाठ लावली आणि ओरडला, "मी टॉलर!" मी त्याला धरून फ्रिजपाशी नेला. "याच्याशी उभा राहा. माणसाशी नाही."

तोंडीपर्यंत तिला सगळं आलं होतं. माझी खात्री होती.

तोंडीच्या दिवशी आई लवकर आली. लवकर म्हणजे सहालाच. तिचा चेहरा बघून मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिने घेतला नाही.

"काय शिकवलंत तुम्ही हिला, आजी?"

"का? आलं नाही?"

"येतं सगळं! घरात बादली बिगर, कपाट बिगेस्ट, उठता-बसता तेच. आणि वर्गात तोंड उघडलं नाही. टीचरने हिला आणि हिच्या बाकावरच्या मुलीला पुढे उभं केलं. कोण टॉलर? ही गप्प. कोणाचे केस लाँगर? ही गप्प. टीचरचा मला ऑफिसात फोन. म्हणे, मुलगी बोलतच नाही, सोमवारी एकदा पुन्हा विचारते."

मी मुलीकडे वळले. "काय गो? येत होतं ना?"

"येत होतं," ती म्हणाली. "पण ती डबा नाहीये. ती मुलगी आहे. तिला दृष्ट लागली असती."

आईने माझ्याकडे पाहिलं. "ऐकलंत?"

"ऐकलं."

"टीचरला काय सांगू मी? दृष्ट?"

"खरं ते सांग."

"आजी, जग असं चालत नाही. शाळेत मोजतात, ऑफिसात मोजतात. माझं दरवर्षी मोजतात, शेजारच्या टेबलावरच्या पोरीपेक्षा मी पुढे की मागे. हिला त्याची सवय आत्तापासून हवी, घाबरून कसं चालेल?" तिचा आवाज खाली आला. "सोमवारी बोलली नाही तर मंगळवारपासून दोघं प्रभादेवीला. मी तिथे सांगून ठेवलंय."

तिचं जगाबद्दलचं म्हणणं खरं होतं, म्हणून मी वाद घातला नाही. पण जग माझ्या खोलीत येऊन झोपत नाही. माझ्या खोलीत दुपारी पाच पोरं एका चटईवर झोपतात. तिथे कोण पुढे, कोण मागे, हे एकदा सुरू झालं की थांबत नाही.

भावोजींना मी झालेलं सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, सोमवारपर्यंत नियम गुंडाळून ठेवा."

"आणि मग?"

"मग पुन्हा उलगडा."

"नियम काय चटई आहे?"

"मग पोरं जातील."

"बघते कशी जातात," मी म्हटलं. पण काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळभर कोलंबी सोलत मी तोच विचार करत होते. नियम सोडायचा नव्हता. पोरंही सोडायची नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली, तिने बूट काढून बाहेर ठेवले, तेव्हा मी तिला समोर बसवलं.

"शाळेत वर्गात बूट काढतेस?"

"नाही."

"आणि इथे?"

"इथे काढायचे असतात."

"मग हेही तसंच. शाळा बाईंची. तिथे बाई विचारतील त्याचं उत्तर द्यायचं. माझा नियम माझ्या घरापुरता."

तिने दाराबाहेरच्या बुटांकडे पाहिलं. "आणि तिला दृष्ट लागली तर?"

"लागली तर तिला इकडे घेऊन ये. मीठ-मिरच्या उतरवून टाकते. त्यात काय मोठंसं?"

तिला पटलं. पण पटणं वेगळं आणि तोंडातून निघणं वेगळं. कांदा-नारळावर बोललेली जीभ माणसावर अडली असती, सोमवारी पुन्हा तेच झालं असतं. माणसांवर सराव हवा होता आणि पोरांना हात लावायचा नव्हता. मग माझ्या लक्षात आलं की घरात एक माणूस असं आहे, ज्याला दृष्ट लागायची काही भीती उरलेली नाही.

मी पाचही जणांना गोल बसवलं आणि मधे उभी राहिले. "चला, मला मोजा. खरं ते बोलायचं."

कोणी बोलेना.

"अरे बोला. मी रागावत नाही."

"आजी इज ओल्ड," मुलगी हळूच म्हणाली.

"ते सगळ्यांना दिसतं. पुढे."

"आजी इज ओल्डर दॅन फ्रिज."

"आजी इज ओल्डर दॅन बिल्डिंग!" दुसरा ओरडला.

"आजी इज फॅट," तिसरी म्हणाली आणि हात तोंडावर ठेवला.

"कोणापेक्षा?"

त्यांना माणूस हवा होता. मी भिंतीवर थाप मारून भावोजींना बोलावलं. ते शर्ट घालूनच आले आणि माझ्या शेजारी परीक्षेला बसल्यासारखे ताठ उभे राहिले. आजोबा इज टॉलर दॅन आजी. आजी इज फॅटर दॅन आजोबा. आजीज हेअर इज लाँगर, आजोबाज हेअर इज... तिथे मुलगी अडली.

"नाहीच्चे," धाकट्यापेक्षा थोडा मोठा एक पोरगा म्हणाला.

"वहिनी, हे शिकवायला मला बोलावलंत?"

त्यांची बायको, पोरांची 'आजी टू', दारात येऊन उभी होती. "माझंही एक घ्या की," ती म्हणाली. "ह्यांच्यापेक्षा कोण बरं दिसतं?"

मुलीने तिच्याकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं. "आजी टू इज मोअर ब्यूटिफुल दॅन आजोबा."

"शाबास," बायको म्हणाली. "ह्यांना इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नाही."

रविवारी पाळणाघर बंद असतं, तो दिवस सोडून रोज आम्ही हे केलं. मुलं मुलांना नाही, मोठ्यांना वाटेल तेवढं. मोठ्या माणसांना सोसतं, आणि नसेल सोसत तरी त्यांना सवय असते. इमारतीचा वॉचमन, इस्त्रीवाला, पप्पा, मम्मी, जो आठवेल तो मोजला गेला. मुलीचा आवाज दर दिवशी वाढत गेला.

सोमवारी आई पावणेनऊला आली. बाकीची मुलं कधीच गेली होती. ही दोघं दाराशी बसली होती, धाकटा पेंगत होता.

"विचारलं टीचरने?" आईने चप्पल काढायच्या आधी विचारलं.

"हो. ती टॉलर. माझे केस लाँगर. तिचं अक्षर नीटर, पण मी फास्टर."

"सगळं बोललीस?"

"सगळं."

आईने श्वास सोडला. खरं तर तिने तिथेच निघायला हवं होतं. पण ती खूश होती, खाली बसली आणि म्हणाली, "दाखव बघू, आजींकडे काय काय करता ते."

मुलगी उभी राहिली, हात पाठीमागे घेतले. "आजी इज ओल्डर दॅन मम्मी. मम्मी इज थिनर दॅन आजी. पप्पा इज लेझियर दॅन मम्मी."

आई हसली. "हे पप्पांसमोर पण म्हण."

"मम्मी कम्स लेटर दॅन ऑल द मम्मीज," मुलगी त्याच सुरात पुढे म्हणाली. "मम्मी इज द लास्ट."

"बिगेस्ट!" धाकटा झोपेतून म्हणाला.

कोणी हसलं नाही. मुलीला आपण काही वेगळं बोललो असं वाटलेलं नव्हतं. ती पुढच्या वाक्यासाठी माझ्याकडे बघत होती.

"हे तुम्ही शिकवलंत?" आईने विचारलं.

"अर आणि इस्ट मी शिकवलं. हे तिचं तिने केलं."

ती बराच वेळ धाकट्याच्या पायातला मोजा सरळ करत राहिली. मग म्हणाली, "आजी, ते सेंटर सातला बंद होतं."

"असं?"

"मी विचारलं होतं, थोडं थांबाल का. नाही म्हणाले. मी ठरवलं होतं, साहेबांना सांगून रोज लवकर निघायचं. मागचे कितीतरी दिवस प्रयत्न करतेय. एकदाच निघाले, ते पण टीचरचा फोन आला म्हणून."

"मग?"

"मग काय. राहू देत दोघं इथेच."

म्हणजे मुलं माझ्या इंग्रजीमुळे राहिली नाहीत. माझं दार उशिरापर्यंत उघडं असतं म्हणून राहिली. मला त्याचं वाईट वाटलं नाही. राहिली, मला तेच हवं होतं. आणि शिकलेलं वाया गेलं असंही नाही. ते वाक्य मुलीने मराठीत म्हटलं असतं तर ती रडली असती किंवा आई चिडली असती. पाठ म्हणावं तसं म्हटलं म्हणून दोघींनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ठेवते मी," मी म्हटलं. "पण एक. उशीर होणार असेल तर फोन हिला करायचा. मला नाही."

"हिला? अहो, ती लहान आहे. तिला काय कळणार?"

"वाट ती बघते. मी नाही बघत. मी माझ्या घरात असते."

आईने मुलीकडे पाहिलं. धाकट्याला खांद्यावर टाकलं, मुलीने दप्तर उचललं आणि तिघं लिफ्टपाशी गेली.

मुलगी आता तिसरीत आहे. तिचं नवीन पुस्तक घेऊन मी भावोजींकडे जातेच, ते आता शर्ट घालून बसलेलेच असतात. मुलांना मुलांशी मोजायचं नाही, हा नियम तसाच आहे. सातच्या सुमारास माझा मोबाइल वाजतो आणि मी तो न बघता मुलीच्या हातात देते. ती आधी सगळं ऐकून घेते आणि मग एकच प्रश्न विचारते, "कालच्यापेक्षा लवकर की उशिरा?" आईला उत्तर द्यावं लागतं. ते ऐकून मुलगी ठरवते, आईसाठी थांबायचं की दोघांनी जेवून घ्यायचं, आणि मला सांगते. मी त्याप्रमाणे भात लावते.